नापा खोरे : द्राक्षशेती आणि संग्राह्य वाइन

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला असलेले द्राक्षखोरे. लांबी सुमारे ४८ किमी., रुंदी जेमतेम ८ किमी. पश्चिमेला मायाकामास आणि पूर्वेला व्हाका या डोंगररांगा. दक्षिणेच्या सॅन पाब्लो उपसागरावरून रात्री धुके आत शिरते. दिवसाच्या उन्हाने घडात साखर भरते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. उपसागराजवळच्या थंड कार्नेरोसमध्ये म्हणून शार्डोने व पिनो न्वार ही वाइन-द्राक्षे पिकतात, तर वरच्या उबदार भागात कॅबर्ने सोव्हिन्याँ हे लाल वाइनचे द्राक्ष. खोऱ्याची कीर्ती या कॅबर्नेवरच उभी आहे.

हिवाळ्यात वेल पाने टाकून विश्रांती घेते, तेव्हा इथे एकदाच छाटणी होते. नाशिककडे तशी थंडी नसल्याने एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी (घडांसाठी) अशा दोन कराव्या लागतात. नापात काढणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, नाशिकच्या वाइन-द्राक्षांची जानेवारी ते मार्च.

मुळे शोषणाऱ्या फिलॉक्सेरा किडीने खोऱ्याला दोनदा झोडपले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्यांदा. आणि १९८०च्या दशकात पुन्हा, कारण सर्वत्र लावलेला एएक्सआर-१ हा खुंट (ज्याच्या मुळांवर वेलीचे कलम बांधतात ते झाड) पुरेसा प्रतिकारक नव्हता. हजारो एकर बागा उपटून नव्या खुंटांवर लावाव्या लागल्या. त्या वेळी वेलींचे अंतर, वाण, ओळींची दिशा यांचाही फेरविचार झाला. आजची नापा वाइन बरीचशी त्या संकटातून घडली आहे.

चार्ल्स क्रुग यांनी १८६१मध्ये इथे व्यापारी वाइनरी सुरू केली. दारूबंदीने (१९२०–३३) बहुतेक वाइनरी बंद पडल्या. नापाच्या उदयाचे श्रेय सहसा २४ मे १९७६च्या पॅरिस चाचणीला दिले जाते. तिथे कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या वाइन समोरासमोर होत्या. फ्रेंच परीक्षकांनी बाटलीवरचे नाव न पाहता नापातील वाइनरींच्या, म्हणजे स्टॅग्ज लीपची १९७३ची कॅबर्ने आणि शातो माँतेलेनाची १९७३ची शार्डोने यांना आपापल्या गटात पहिले स्थान दिले. पण त्याहून मोलाचा निर्णय १९६८चा म्हणावा लागेल. त्या वर्षी नापा काउंटीने खोऱ्यातील शेतजमीन राखीव केली आणि तिचे लहान तुकडे पाडण्यावर बंधन घातले. तो निर्णय झाला नसता तर या मातीत घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या असत्या, आणि पॅरिसची कीर्ती टिकवायला बागाच उरल्या नसत्या.

संग्राह्य वाइनचे मूळही जमिनीतच आहे. टो कॅलॉनसारख्या नामांकित मळ्यांतून मर्यादितच माल निघतो. कॅबर्नेच्या जाड सालीतून येणारे टॅनिन हे तुरट द्रव्य आणि ओकच्या पिंपांतील मुरवण यांमुळे चांगली बाटली वीस-तीस वर्षे टिकते. बुचाची बाटली आडवी, अंधारात, सुमारे १३° से. तापमानात ठेवतात, बूच वाळले तर हवा शिरते. नापाचे वाइन-उत्पादक रॉबर्ट माँडाव्ही आणि फ्रान्सचे बॅरन फिलिप द रोथशिल्ड यांची ओपस वन (पहिले वर्ष १९७९), हार्लन इस्टेट (१९९०) आणि स्क्रीमिंग ईगल (१९९२) ही संग्राहकांची मोठी नावे. स्क्रीमिंग ईगलच्या १९९२च्या सहा लिटरच्या बाटलीला २०००मध्ये ५ लाख डॉलर मिळाले. तो लिलाव धर्मादाय होता, त्यामुळे हा आकडा बाजारभाव समजू नये.

२०२०च्या वणव्यांत द्राक्षांना धुराचा वास लागला. अनेक वाइनरींनी त्या वर्षीची लाल वाइन बाटलीत भरलीच नाही.