सतरा वर्षांच्या सिकाडाची जात ओळखायची कशी?

लाल डोळे, काळं अंग, नारिंगी शिरांचे पंख. अमेरिकेच्या पूर्व भागात १३ किंवा १७ वर्षांनी जमिनीतून लाखोंनी वर येणारे सिकाडा नावाचे हे कीटक वरून पाहिले तर सगळे सारखेच. त्यामुळे त्यांच्या जाती वेगळ्या काढायला अडीचशे वर्षं गेली, आणि त्यात डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडले.

स्वीडिश अभ्यासक पेहर काल्म याने १७४९ मध्ये पेनसिल्व्हेनियात हे कीटक पाहिले. १७५८ मध्ये सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने त्यांना ‘सेप्टेनडेसिम’ म्हटलं आणि जात एकच धरली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यातच लहान चणीचा, काळ्या पोटाचा ‘कॅसिनी’ वेगळा काढला गेला, पण ही स्वतंत्र जात की खुरटलेले नमुने, यावर वाद रेंगाळला. १८६८ मध्ये वॉल्श आणि रायली यांनी १३ वर्षांच्या कीटकाला ‘ट्रेडेसिम’ हे नाव दिलं.

गुंता सुटला तो १९६२ मध्ये. अलेक्झांडर आणि मूर या अभ्यासकांनी नरांची गाणी तपासली आणि सहा जाती मांडल्या: तीन १७ वर्षांच्या, तीन १३ वर्षांच्या. १७ वर्षांच्या तिघांना उलटं करून पाहा: सेप्टेनडेसिमचं पोट बरंचसं नारिंगी, शिवाय डोळा आणि पंखाच्या मुळाच्या मध्ये नारिंगी ठिपका, कॅसिनीचं जवळपास काळं, सेप्टेनडेक्युलाच्या पोटावर बारीक नारिंगी पट्टे. आता ऐका. पहिल्याचा सूर लांबतो आणि शेवटी खाली घसरतो, दुसरा टिकटिक करून कर्कश सूर लावतो, तिसरा ठेक्यात टिकटिकत राहतो. मादी गात नाही, तिच्या बाबतीत पोटच पाहायचं.

सातवी जात तर केवळ सुरामुळेच लक्षात आली. मार्शल आणि कूली या अभ्यासकांना १३ वर्षांच्या कीटकांच्या कोलाहलात एकाऐवजी दोन पट्ट्या ऐकू आल्या. २००० मध्ये ‘निओट्रेडेसिम’ नोंदली गेली. ट्रेडेसिम आणि निओट्रेडेसिम शेजारी असतात तिथे निओट्रेडेसिमचे नर नेहमीपेक्षाही वरच्या पट्टीत गातात, बहुधा माद्यांचा घोळ होऊ नये म्हणून.

खरी पंचाईत मात्र निओट्रेडेसिम आणि सेप्टेनडेसिम यांची. रूप तेच, सूरही तोच. फरक करायचा तो गाव आणि साल पाहून. एकाच साली वर येणाऱ्या समूहाला ‘ब्रूड’ म्हणतात आणि क्रमांक देतात. २०२४ मध्ये ब्रूड १३ (१७ वर्षांचा) आणि ब्रूड १९ (१३ वर्षांचा) हे दोन्ही समूह २२१ वर्षांनी एकाच मोसमात वर आले. मध्य इलिनॉयमध्ये त्यांच्या हद्दी भिडतात, आणि तिथे सालाची खूणही निरुपयोगी ठरली.