वंशाचे कागद, प्रवासाचे कागद: परदेशी पिल्लू ऑनलाइन घेताना

‘इम्पोर्टेड पपी, ऑल पेपर्स रेडी, मुंबई डिलिव्हरी.’ इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर अशी जाहिरात आली की आपण विचारतो, ‘पेपर आहेत ना?’ समोरून सोनेरी शिक्क्याच्या सर्टिफिकेटचा फोटो येतो आणि आपलं समाधान होतं. खरं तर परदेशातून येणाऱ्या कुत्र्याच्या कागदांचे दोन वेगळे गठ्ठे असतात. एक वंशाचा, म्हणजे पिल्लू कोणत्या आईबापाचं आहे ते सांगणारा. दुसरा प्रवासाचा, म्हणजे ते कोणत्या अटींवर भारतात उतरू शकतं ते सांगणारा. पहिला गठ्ठा देतो केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या वंशाची नोंद ठेवणारी संस्था. दुसरा तिथले सरकारी पशुवैद्य आणि आपल्याकडचं प्राणी क्वारंटाइन खातं. एकाबद्दल विचारलं की दुसरा पुढे करायचा, ही फसवणाऱ्यांची नेहमीची रीत.

आधी वंशाचा गठ्ठा. पेडिग्री म्हणजे साधारण तीन किंवा जास्त पिढ्यांचा तक्ता. त्यात पिल्लाचं नोंदणीतलं लांबलचक नाव, जन्मतारीख, रंग, कातडीखालच्या चिपचा नंबर, ब्रीडरचं नाव आणि पूर्वजांचे नोंदणी क्रमांक असतात. इंग्लंडचा केनेल क्लब १८७३चा, अमेरिकेचा क्लब म्हणजे एकेसी, ती १८८४ची. युरोपातले बरेच राष्ट्रीय क्लब ज्या एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली येतात, ती संस्था १९११ साली स्थापन झाली आणि तिचं कार्यालय बेल्जियममध्ये आहे. इथे एक बारकावा आहे. एफसीआय स्वतः पेडिग्री देत नाही, तिच्या सदस्य देशाचा क्लब देतो. तेव्हा कोणी नुसतं ‘एफसीआय सर्टिफिकेट आहे’ म्हणाला तर पुढचा प्रश्न ठरलेला: कोणत्या देशाच्या क्लबचं? नाव कळलं की त्या क्लबचा ईमेल स्वतः शोधायचा आणि नोंदणी क्रमांक पाठवून खातरजमा करायची. विक्रेत्याने दिलेला ईमेल वापरला तर उत्तरही विक्रेताच देईल. ब्रीडरचं केनेलनाव, म्हणजे त्याच्या पैदास केंद्राचं नोंदलेलं नाव, एफसीआयच्या वेबसाइटवर शोधता येतं, तेही पाहून घ्या. पुढे केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंद करायची असेल तर मूळ क्लबने दिलेली एक्स्पोर्ट पेडिग्री लागते. तिचा खर्च कोण करणार, हे सौद्यातच ठरवून घ्या.

पेडिग्री खरी निघाली तरी तिच्यावर किती विसंबायचं, हा वेगळा प्रश्न. सातबाऱ्यावरून जमीन कोणाच्या नावावर आहे ते कळतं, विहिरीला पाणी लागेल का ते कळत नाही. एकेसी स्वतःच सांगते, की नोंदणी म्हणजे दर्जाची किंवा प्रकृतीची हमी नव्हे. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर अशा मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो. त्याच्या तपासण्या पेडिग्रीहून स्वतंत्र. अमेरिकेतल्या ओएफए या संस्थेचं खुब्याचं पक्कं प्रमाणपत्र कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावरच मिळतं, म्हणून ‘पिल्लाचं ओएफए झालंय’ असं कोणी म्हणत असेल तर ते पक्कं प्रमाणपत्र नव्हे. विचारायचं ते आईबापाचं, आणि ते ओएफएच्या खुल्या डेटाबेसमध्ये नाव टाकून शोधता येतं. एफसीआयच्या देशांत खुब्याला ए ते ई अशी श्रेणी देतात. इंग्लंडमध्ये ० ते १०६ गुण असतात आणि ते जितके कमी तितकं चांगलं. माझं मत विचाराल तर पिल्लाच्या चॅम्पियन आजोबापेक्षा आईच्या खुब्याचा एक्स-रे जास्त मोलाचा. गिरगावातल्या बिनलिफ्टच्या इमारतीत चाळीस किलोचा कुत्रा उचलून चौथ्या मजल्यावर न्यावा लागला, की चॅम्पियन आजोबा मदतीला येत नाही.

आता प्रवासाचा गठ्ठा. याला वंशाशी काही देणंघेणं नाही. गावठी कुत्रा आणायचा असला तरी हेच कागद लागतील. निघण्याच्या देशातल्या सरकारी पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र, रेबीजच्या लशीची नोंद आणि भारतातल्या एक्यूसीएस या क्वारंटाइन खात्याची एनओसी. एनओसी कुत्रा उतरण्याआधी काढायची असते. मुंबईत या खात्याचं केंद्र आहे. विमानतळावर त्यांचे अधिकारी कुत्र्याला तपासतात, आणि कागदात खोट निघाली तर क्वारंटाइन किंवा थेट परतीचा प्रवास, तोही मालकाच्या खर्चाने.

या गठ्ठ्यात सगळ्यात उपयोगी असतात त्या तारखा. भारतात येणाऱ्या कुत्र्याला रेबीजची लस प्रवासाच्या निदान एक महिना आधी आणि वर्षभराच्या आत दिलेली असावी लागते. ही लस साधारणपणे पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. तीन आणि एक, चार. म्हणजे कायद्याने भारतात उतरलेलं परदेशी पिल्लू चार महिन्यांच्या आसपासचं किंवा त्याहून मोठं असणार. ‘दोन महिन्यांचं आहे, परवाच रशियाहून आलं’ असं सांगणारा एक तर वय खोटं सांगतोय, नाही तर रशिया. पुष्कळदा खरी गोष्ट अशी असते की बाप किंवा आजोबा बाहेरून आलेला, आणि पिल्लू जन्मलं कल्याणला नाही तर पंजाबात. असं पिल्लू घेण्यात गैर काही नाही, पण त्याला इम्पोर्टेडचा भाव का द्यायचा? शिवाय मग ब्रीडरला २०१७चे श्वान प्रजनन नियम लागू होतात. त्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू त्याने विकता कामा नये.

आणखी एक अडचण जाहिरातीत कधीच लिहिलेली नसते. एप्रिल २०१६ मध्ये डीजीएफटीने, म्हणजे आयात-निर्यातीचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या खात्याने, पैदाशीसाठी किंवा इतर व्यावसायिक कारणासाठी कुत्री आयात करणं बंद केलं. वाट उरली ती मुख्यतः पाळीव कुत्र्याला, तीही पेट बुक (प्राण्याच्या नोंदींची पुस्तिका) आणि बाकीचे कागद आयात करणाऱ्याच्या नावावर असतील तर. दोन वर्षं परदेशात राहून घर हलवणाऱ्या माणसाला सामानाबरोबर दोन पाळीव प्राणी आणता येतात. दादरला बसून सर्बियाच्या ब्रीडरकडून पिल्लू मागवणारा या सवलतीत बसत नाही; त्याला डीजीएफटीचा परवाना बघावा लागतो. तेव्हा ‘आमचा एजंट सगळं करतो’ हे ऐकल्यावर विचारायचं, एनओसी आणि परवाना कोणाच्या नावावर निघणार? उत्तर तुमचं नाव नसेल तर कुत्राही कागदोपत्री तुमचा नाही. केन कोर्सोसारख्या जाती घेणाऱ्यांनी जरा जास्त जपावं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी आणणारं परिपत्रक काढलं, पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. आज काय स्थिती आहे ते अॅडव्हान्स देण्याआधी एक्यूसीएसकडूनच लेखी विचारून घ्या.

युरोपचा निळा पेट पासपोर्ट मात्र हमखास घोळ घालतो. रुबाबदार पुस्तिका, आत जात लिहिलेली, डॉक्टरचा शिक्का. पण ती जात डॉक्टरने समोरचा प्राणी पाहून आणि मालकाला विचारून भरलेली असते, पिढ्या तपासून नाही. म्हणजे तो वंशाचा पुरावा नाही, आणि भारतात यायला तेवढाच पुरत नाही. दोन्ही गठ्ठ्यांच्या मधला कागद, म्हणून दोन्हीकडे खपवला जातो.

दोन्ही गठ्ठे एकाच कुत्र्याचे आहेत हे सांगणारी गोष्ट एकच, मायक्रोचिप. पंधरा आकडी नंबर, पहिले तीन आकडे देशाचे नाही तर चिप बनवणाऱ्या कंपनीचे. भारताचा ३५६, रशियाचा ६४३, जर्मनीचा २७६. ९००च्या पुढचे कंपन्यांचे. पेडिग्री, लशीची नोंद, आरोग्य प्रमाणपत्र, एनओसी, सगळीकडे तोच नंबर हवा, आणि मानेच्या कातडीखालीही तोच. मोबाइलने ही चिप वाचता येत नाही. परळचं बैलघोडा हे प्राण्यांचं हॉस्पिटल असो की गल्लीतला व्हेट, स्कॅनर आहे का ते फोन करून विचारा आणि ताबा घेतानाच तपासा. व्हिडिओ कॉलवर विक्रेत्याला स्कॅनर फिरवून आकडे दाखवायला सांगितलं तर खरा ब्रीडर कुरकुर करेल, पण दाखवेल.

पैसे कसे जातात तेही याच दोन गठ्ठ्यांतून. वंशाचा कागद फुकट आणि लगेच येतो, कारण तो कुठल्या तरी खऱ्या ब्रीडरच्या साइटवरून उचललेला फोटो असतो. त्याने विश्वास बसला की प्रवासाच्या कागदांचे हप्ते सुरू होतात: एसी पिंजरा, विमा, क्वारंटाइन फी, मग ‘मुंबई कस्टम्स’मधून फोन. पिल्लू विमानतळावर उपाशी आहे, तासाभरात भरा. कस्टम्सची रक्कम कोणाच्या खासगी खात्यात किंवा यूपीआयवर भरायची नसते, आणि त्यांच्या पत्रावर डिन हा ओळख क्रमांक असतो, तो कस्टम्सच्या वरच्या मंडळाच्या, म्हणजे सीबीआयसीच्या, साइटवर पडताळता येतो. ब्रीडर हंगेरीचा आणि पैसे मात्र इंदूरच्या बचत खात्यात, असा प्रकार दिसला तर तिथेच थांबा. खऱ्या परदेशी ब्रीडरला पैसे बँकेतून, फॉर्म भरून, कारण लिहून जातात. दोन दिवस लागतात आणि मागे कागद उरतो. पैसे गेलेच तर पुढच्या हप्त्याची वाट न पाहता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा. चॅट, खाते क्रमांक आणि ती सोनेरी शिक्क्याची पेडिग्री डिलीट करू नका. तपासात ती पुरावा म्हणून लागेल.