फायनल ड्राइव्ह आणि गिअर रेशो: ड्रॅग ट्यूनिंगमधली नेहमीची गल्लत

‘फोर्झा होरायझन ५’ या कार रेसिंगच्या व्हिडिओ गेममध्ये ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या कमी अंतराच्या शर्यतीसाठी, गाडी ट्यून करायला बसले की गिअरिंगच्या पानावर सर्वांत वर फायनल ड्राइव्हचा स्लायडर दिसतो आणि त्याखाली प्रत्येक गिअरचा स्वतंत्र रेशो. दोन्हींत आकडा वाढवला की पिकअप वाढतो आणि कमी केला की टॉप स्पीड वाढतो, त्यामुळे दोन्हींचे काम एकच आहे असा समज सहज होतो. शिवाय स्पोर्ट गिअरबॉक्स बसवला असेल तर फक्त फायनल ड्राइव्हच बदलता येतो आणि प्रत्येक गिअरला हात लावायचा तर रेस गिअरबॉक्स घ्यावा लागतो, म्हणून अनेकजण फायनल ड्राइव्हवरच सगळे भागवायला शिकतात. ड्रॅगमध्ये ही सवय महागात पडते.

इंजिन आणि चाके यांच्यामध्ये दोन गुणाकार होतात. पहिल्या गिअरचा रेशो 3.00 आणि फायनल ड्राइव्ह 4.00 असेल तर एकूण रेशो 12 होतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिन बारा वेळा फिरते. यातला 4.00 हा आकडा प्रत्येक गिअरला लागू असतो. मोटारसायकलचे मागचे स्प्रॉकेट बदलले की गिअरबॉक्स न उघडताही सगळ्या गिअरांचा स्वभाव बदलतो, तसाच हा प्रकार आहे. याउलट 3.00 हा आकडा केवळ पहिल्या गिअरचा असतो.

खरा फरक गिअर बदलण्याच्या क्षणी कळतो. समजा, गाडीची रेडलाइन, म्हणजे इंजिनाच्या फिरण्याची कमाल मर्यादा, 7000 आरपीएमला (मिनिटाला 7000 फेरे) आहे, चाकाचा परीघ 2 मीटर आहे आणि गिअर 3.00, 2.00, 1.50, 1.15 व 0.95 असे आहेत. फायनल ड्राइव्ह 4.00 असताना पहिला गिअर सुमारे 70 किमी वेगाला संपतो आणि दुसरा टाकताच आरपीएमचा काटा 7000 वरून 4670 च्या आसपास पडतो. फायनल ड्राइव्ह 3.50 केला तर पहिला गिअर 80 किमीपर्यंत ताणला जातो, पण दुसरा टाकल्यावर काटा पुन्हा 4670 वरच येतो. दोन्ही गिअरांना एकाच संख्येने गुणल्यावर त्यांच्यातले प्रमाण बदलणार कसे? इंजिनाची खरी ताकद 5000 ते 7000 या पट्ट्यात असेल, तर फायनल ड्राइव्ह कितीही सरकवला तरी हा शिफ्ट पट्ट्याबाहेरच पडणार. टर्बो गाडीत हे फार जाणवते, कारण काटा खाली पडला की बूस्ट (टर्बोने तयार केलेला हवेचा दाब) परत भरेपर्यंत गाडी अडखळते.

लाँचच्या वेळी, म्हणजे शर्यत सुटताना, ही गल्लत सर्वाधिक नुकसान करते. हिरवा दिवा लागतो, मागची चाके धूर काढत जागच्या जागी फिरतात (व्हीलस्पिन), काटा रेडलाइनला टेकतो आणि गाडी जेमतेम रेषा ओलांडून पुढे सरकलेली असते. अशा वेळी बहुतेकांचा हात फायनल ड्राइव्ह कमी करण्याकडे जातो. चाके जागच्या जागी फिरणे थांबते, हे खरे. परंतु व्हीलस्पिन नसलेल्या तिसऱ्या-चौथ्या गिअरचा जोरही विनाकारण कमी होतो. त्याऐवजी फक्त पहिला गिअर 3.00 वरून 2.70 केला, तर एकूण रेशो 12 वरून 10.8 वर येतो, टायर पकड घेतात आणि शिवाय दुसऱ्या गिअरमध्ये काटा 5185 च्या जवळ उतरतो. एकाच बदलात दोन दुखणी बरी होतात, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

मग फायनल ड्राइव्ह कशासाठी? शर्यतीची लांबी आणि गाडी यांचा मेळ घालण्यासाठी. पाव मैल म्हणजे सुमारे 402 मीटर. वरची गाडी एवढ्या अंतरात 205 किमीपर्यंत पोहोचत असेल, तर 4.00 ला चौथा गिअर 183 च्या आसपास संपतो आणि शेवटच्या टप्प्यात पाचवा टाकावा लागतो. फायनल ड्राइव्ह 3.55 केल्यास चौथा गिअर थेट 205 पर्यंत पुरतो आणि एक शिफ्ट वाचतो. शिफ्ट होत असताना चाकांना जोर मिळत नाही, म्हणून ही बचत साधी नव्हे.

मात्र फायनल ड्राइव्ह हलवल्याबरोबर 2.70 केलेल्या पहिल्या गिअरचा एकूण रेशो 10.8 वरून 9.6 च्या आसपास येतो आणि लाँच मंदावतो. तो परत मिळवायला पहिला गिअर 3.04 करावा, तर दुसऱ्यापर्यंतची दरी पुन्हा रुंदावते. त्यामुळे मधले गिअरही सरकवणे भाग आहे: 3.04, 2.20, 1.60 आणि 1.15 अशी मांडणी केल्यास तिन्ही शिफ्ट 5030 ते 5090 आरपीएमच्या दरम्यान, म्हणजे पट्ट्याच्या आतच उतरतात आणि पाचवा गिअर लागतच नाही. अर्थात 4.00 ला दुसरा, तिसरा आणि चौथा गिअर अधिक जोरकस होते, तेव्हा वाचलेला शिफ्ट आणि कमी झालेला जोर यांपैकी कोणाचे पारडे जड, हे त्याच ड्रॅगच्या रस्त्यावर, त्याच टायरवर, दोन्ही ट्यून चार-पाच वेळा पळवून वेळ लिहून घेतल्यावरच ठरवावे. पळवताना टेलिमेट्री (गाडीचे चालू आकडे दाखवणारा पडदा) उघडी ठेवली, तर शेवटची रेषा ओलांडताना काटा कुठे होता तेही दिसते; तो रेडलाइनच्या बराच खाली राहिला असेल, तर फायनल ड्राइव्ह 3.55 वरून किंचित वाढवायला जागा आहे.