थर्मल पेस्ट आणि थर्मल पॅड: सारवण वेगळं, गिलावा वेगळा

मागच्या मे महिन्यात परभणीतल्या एका ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरवरून फोन आला. "दादा, कॉम्प्युटर सकाळी बरा चालतो, बारा वाजले की आपोआप बंद पडतो." धूळ साफ केलेली होती, फॅनही फिरत होता. कूलर, म्हणजे फॅनखालचा धातूचा ठोकळा, काढला तर प्रोसेसरवर (कॉम्प्युटरच्या मुख्य चिपवर) पेस्टच्या, म्हणजे उष्णता पोचवणाऱ्या मलमासारख्या लेपाच्या जागी निळा, रबरासारखा तुकडा. थर्मल पॅड. बसवणाऱ्याला कुणीतरी सांगितलं होतं, पेस्टचंच काम करतो, वर हात खराब होत नाहीत.

काम दोघांचं एकच दिसतं, गरम भागाची उष्णता कूलरला पोचवायची. पण जागा वेगळ्या आहेत.

प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ हाताला गुळगुळीत लागतात, तरी त्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा असतात आणि त्यांत हवा अडकते. हवेतून उष्णता तांब्यापेक्षा दहा हजार पटींहूनही कमी वाहते. पेस्टनं त्या खाचांतली हवा हुसकावायची, एवढंच. गावाकडं जमीन सारवतात तसं हे आहे. सारवण पातळ हवं, जाड झालं की पोपडे धरतात. पॅड म्हणजे गिलावा. दोन पृष्ठभागांत दिसण्याजोगी फट असते, तिथं तो भरायचा.

हिशोब करून बघा. पेस्ट आणि पॅड दोन्हींची उष्णतावहन क्षमता सारखीच, म्हणजे मीटर-केल्विनला ५ वॅट धरू. प्रोसेसर ६५ वॅटचा, उष्णता जाण्याची जागा १० चौरस सेंटिमीटर. पेस्टचा ०.०५ मिलिमीटरचा थर असेल तर त्या थरापायी तापमान एक अंशही वाढत नाही. १ मिलिमीटरचा पॅड घातला की तेच १३ अंश होतात. पदार्थ तितकाच चांगला, फरक सगळा जाडीचा.

आपल्याकडं हे १३ अंश फार महाग पडतात. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. डिसेंबरच्या सकाळी खोली २५ अंशांवर असेल आणि मेच्या दुपारी पत्र्याखाली ४० वर, तर त्याच कामाला प्रोसेसर साधारण १५ अंशांनी जास्त तापणार. डेस्कटॉपचे बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात, तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद होतं. सेंटरवालं मशीन हिवाळ्यात तगलं आणि मेमध्ये पडलं, ते यामुळं.

म्हणून पॅड टाकाऊ ठरत नाही. एम-डॉट-टू एसएसडीवर (डेटा साठवणाऱ्या छोट्या पट्टीवर), मदरबोर्डच्या (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीच्या) वीज पुरवणाऱ्या भागांवर, ग्राफिक्स कार्डच्या मेमरी चिपांवर पॅडच हवा. तिथं पेस्ट लावली तर ती फट ओलांडून पोचतच नाही. ग्राफिक्स कार्डाचे पॅड बदलताना मूळ जाडीच ठेवा. ०.५ च्या जागी १.५ मिलिमीटरचा घातला तर कूलर उचलला जातो आणि मधली मुख्य चिप, जिला पेस्ट असते, ती नीट टेकत नाही. आणि पॅडच्या दोन्ही बाजूंची प्लॅस्टिकची पापुद्री काढायची असते. विसरणारे मी बरेच पाहिलेत.

पेस्ट लावताना जुनी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसून घ्या. मधोमध तुरीच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो, झाकण लांबट असेल तर थोडी जास्त. बोटानं पसरायची गरज नाही, कूलरच्या दाबानं ती पसरते. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा. नव्या कूलरच्या तळाला करड्या रंगाची पेस्ट आधीच लावलेली असेल तर वरून दुसरी लावू नका.

जुना कूलर काढताना एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांसाठीच्या एएम४ प्रकारच्या मदरबोर्डवर जपा, तिथं पिना प्रोसेसरलाच असतात. सुकलेली पेस्ट चिकटलेली असते, ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून वीज काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सेंटरवरचा मी तसाच काढला, तुरीएवढी पेस्ट लावली. दुपारी दोनला, पत्रा तापलेला असताना, त्या पोरानं सलग पाच फॉर्म भरून दाखवले.