पेशव्यांचा कागद टिकला, मग पन्नास सालची फाइल का मोडते?

दिवाळीत गावी गेलो होतो. काकांनी कपाटातून घराण्याचे जुने कागद काढून दाखवले, दोन मोडीतले आणि बाकी इंग्रज अमदानीतले नि नंतरचे, आणि सगळेच्या सगळे झेरॉक्सवाल्याकडून कडक प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून आणलेले! "आता शंभर वर्षं बघायला नको," असं म्हणाले. मी गपचूप चहा प्यायलो. तिथे बोलायची हिंमत झाली नाही म्हणून इथे लिहितोय.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांमधल्या रेकॉर्ड रूमना एकदम महत्त्व आलं. कोतवाल बुकं, जन्म-मृत्यूची रजिस्टरं बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. ही दप्तरं हाताळणाऱ्या कुणालाही विचारा, एक उलटीच गोष्ट सांगतील. अडीचशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद उलगडला तर कापडासारखा लवतो आणि १९५० च्या आसपासची टाइप केलेली फाइल उघडली की कोपरे पापडासारखे हातात येतात. बऱ्याच जणांना वाटतं जुन्या लोकांची काहीतरी गुप्त विद्या होती. विद्या होती खरी, पण ती चिंध्यांची आणि चुन्याची.

कागद म्हणजे सेल्युलोज आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ, हे शाळेत झालेलं आहे. जुन्नरी, दौलताबादी हातकागद चिंध्या, जुने दोर, ताग असल्या मालापासून व्हायचा, त्यामुळे माळा मुळातच लांब. लगदा करताना चुना वापरायचे, वरून खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचं. एकोणिसाव्या शतकात युरोपात दोन शोध लागले. १८०७ मध्ये इलिग नावाच्या जर्मन माणसाने शाई फुटू नये म्हणून लगद्यातच राळ आणि तुरटी घालायची युक्ती काढली आणि १८४४ च्या सुमारास केलरने लाकूड दगडावर घासून लगदा केला. कागद स्वस्त झाला, शाळा-कचेऱ्या-पेपर सगळं त्याच्यावर चाललं, त्याबद्दल तक्रार नाही. पण कारखान्यातली ही तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट, आणि ते हवेतला ओलावा मिळाला की हळूहळू आम्ल तयार करतं.

आता माझा आवडता भाग. आम्लातला हायड्रोजन आयन दोन मण्यांमधल्या ऑक्सिजनच्या सांध्यावर जाऊन बसतो, सांधा ढिला पडतो, पाण्याचा एक रेणू मध्ये घुसतो आणि माळ तुटते. आणि हायड्रोजन आयन? तो जसाच्या तसा मोकळा, पुढचा सांधा तोडायला तयार! तो खर्चच होत नाही, म्हणून थोडंसं आम्लही वर्षानुवर्षं काम करत राहतं. त्यात कागद कुजताना स्वतःच फॉर्मिक, ॲसेटिक अशी आम्लं बनवतो, म्हणजे चोराने घरातूनच साथीदार मिळवले. आता हिशेब बघा. समजा माळ २००० मण्यांची आहे. ती फक्त ९ ठिकाणी तुटली तर तुकडे होतात १०, प्रत्येकी सरासरी २०० मणी, आणि साधारण या लांबीला कागद हात लावला की मोडतो. २००० पैकी ९ सांधे, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही! वजन तेवढंच, अक्षरं तशीच, आणि कागद मात्र मेलेला. शिवाय पीएचची मोजपट्टी लॉगची असते, ७ वरून ५ वर आलं म्हणजे दोन पायऱ्या नव्हे, हायड्रोजन आयन १०० पट. (इथे कंटाळा आला असेल तर पुढचा पॅरा वाचा, पण ९ सांध्यांचा हिशेब लक्षात ठेवा.)

शाईचंही तेच. मोडी कागदावर बोरूने लिहायचे ती काजळी आणि डिंकाची शाई. काजळी म्हणजे नुसता कार्बन, तो कुणाच्या अध्यात ना मध्यात, फक्त पाणी लागलं की डिंक सुटतो आणि अक्षर पसरतं. इंग्रजी रजिस्टरांमध्ये हिराकस आणि मायफळाची शाई असायची, तिच्यात गंधकाम्ल आणि लोह दोन्ही, म्हणून काही पानांवर ओळीच्या ओळी जळल्यासारख्या भोकं पडून जातात.

मग लॅमिनेशनने काय होतं? आम्ल आतच कोंडलं जातं, वर मशीनची उष्णता, आणि चिकटलेलं प्लास्टिक कागद न फाडता निघत नाही. अभिलेखागारात याच्या उलट चालतं, जे करू ते परत काढता आलं पाहिजे. आधी शाईवर थेंब टाकून ती सुटते का बघतात, नसेल सुटत तर कागद चुन्याच्या निवळीसारख्या कॅल्शियमच्या पाण्यात बुडवतात, आम्ल मरतं आणि धाग्यांत थोडा खडू शिल्लक राहतो, तो पुढच्या आम्लाची वाट बघत बसतो. तुटलेली माळ मात्र परत जुळत नाही, म्हणून वर पातळ टिश्यू, तोही खळीने.

पण एका पगारी माणसावर आणि एका गळक्या खोलीवर चालणारं तालुक्याचं दप्तर कुठून आणणार ही प्रयोगशाळा? तिथे कामाच्या गोष्टी अगदी साध्या. गठ्ठे जमिनीवर नकोत, भिंतीला टेकून नकोत, वरून पाण्याचा पाइप जाणारी खोली नको. पाचशे-हजार रुपयांचा आर्द्रतामापक टांगा, काटा ६५ टक्क्यांच्या वर राहायला लागला की बुरशी येणारच, पंखा लावा. पुण्याचं पेशवे दफ्तर बघा, १८९१ ची दगडी इमारत, जाड भिंती, उंच छत, आणि सुमारे ३९ हजार रुमाल. रुमाल म्हणजे कागद बांधायचं सुती कापड, आणि ते धूळ अडवतं, ओलावा शोषतं, श्वासही घेऊ देतं. प्लास्टिकच्या पिशवीला यातलं काही जमत नाही. कपाटात मोरपीस ठेवून कसर पळत नाही, आणि मोडी कागदात गुप्तधनाचा पत्ता असतो म्हणून तो दडवून ठेवणाऱ्यांनो, त्यात बहुतेक वेळा शेतसारा आणि कुणाचं तरी कर्ज असतं.

"सगळं स्कॅन करून टाका" म्हणणारेही भेटतात. स्कॅन कराच, मूळ कागदाची हाताळणी वाचते. पण हार्ड डिस्क काही वर्षांत बसते, दर वेळी नवीन कॉपी कोण काढणार ते आधी ठरवा.

काकांच्या मोडी कागदांना प्लास्टिकमध्येही बहुधा फारसं काही होणार नाही, त्यांच्यात चुना आहे. सत्तरच्या दशकातलं खरेदीखत मात्र त्याच थप्पीत आहे, कडेने आत्ताच तपकिरी पडलंय, आणि आता त्याला पाण्यात बुडवताही येत नाही.