विस्तवाच्या खोलीत नळ आला

दिवाळी सरली की खान्देशातल्या जुन्या घरांत तोडफोड सुरू होते. कुणी मोरी फोडतं, कुणी ओटा बदलतं. पुढचा पावसाळा उलटेपर्यंत तक्रारी मात्र सगळीकडून एकसारख्याच येतात: भिंतीला ओल आली, टाइल सुटली, खांबाला वाळवी लागली. बोल बहुधा गवंड्याला लागतो. मला वाटतं, या दुखण्याचं मूळ फार मागे आहे. आपल्या पणजीचं सैपाकघर ही विस्तवाची कोरडी खोली होती. त्यात आपण पाणी आणलं, आणि घर कशाचं बांधलंय हे बघायचं राहून गेलं.

धाब्याच्या घराची रचना एकदा नीट बघावी. दगडी तळखड्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळया, त्यावर कड्या आणि पाट, आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. छताचा भार मुख्यतः लाकूड पेलतं. हात-दीड हात जाडीची मातीची भिंत आडोसा देते आणि ऊन थोपवते. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा या भिंतीची किंमत कळते. घर खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेत, मोजायचं, आणि सैपाकघर असायचं अगदी मागच्या खणात, परसदाराला लागून. कोपऱ्यात वैलाची चूल, वर धूर जायला साणं, भिंतीत कोनाडे, एका बाजूला उतरंड. पाणी घागरीने यायचं आणि माठातच राहायचं. भांडी परसात राखेने घासली जायची, न्हाणीही तिकडेच. जमीन शेणाने सारवलेली.

चुलीच्या धुराने तुळया काळ्याभोर व्हायच्या. त्या धुराने लाकडाला कीड लागत नाही, असं जुने सुतार सांगत. पण तोच धूर बायकांच्या डोळ्यांत आणि छातीतही जात होता. पऱ्हाटी आणि तुरकाठ्या फुंकत ज्यांचा जन्म गेला, त्यांना त्या सैपाकघराचं कौतुक सांगायची माझी तरी हिंमत नाही. गॅस यायलाच हवा होता.

तो सावकाश आला. 1955च्या सुमारास मुंबईत सिलिंडर मिळू लागले, 1965 साली कोलकात्यात इंडियन ऑइलचा इंडेन गॅस सुरू झाला, आणि आपल्याकडच्या कितीतरी चुलींपर्यंत गॅस पोहोचायला 2016ची उज्ज्वला योजना उजाडावी लागली. मधली वर्षं रॉकेलच्या स्टोव्हने काढली. स्टोव्ह निदान जमिनीवर, पाटाशेजारी ठेवता येत होता. गॅसची शेगडी मात्र सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, म्हणून ओटा आला आणि बसून रांधणारी बाई उभी राहिली. उभ्याने काम करायच्या आटोपशीर स्वयंपाकघराचा नमुना 1926 साली जर्मनीत, फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी आखला होता. खोली जेमतेम 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब. बाईची पावलं वाचावीत म्हणून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा मोजूनमापून ठरवली. पण ती घरं नळ आणि सांडपाण्याची वाट धरूनच बांधलेली होती. आपल्याकडे कडप्प्याचा ओटा आणि त्याला जोडलेलं सिंक मातीच्या भिंतीला येऊन टेकलं.

आमच्या अमळनेर तालुक्यातल्या घरात नेमकं हेच झालं. पाइप दिसू नये म्हणून भिंतीत झिरी मारली आणि वरून सिमेंटचा गिलावा केला. मातीची भिंत ओल शोषते आणि हवेला परत देते. सिमेंटने तिची ती वाटच बंद केली. दुसऱ्या पावसाळ्यात गिलाव्यावर बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज यायचा, आणि एक दिवस परातीएवढा पोपडा मातीसकट ओट्यावर पडला. त्याहून वाईट गोष्ट खाली होती. फरशी बसवताना जमीन चार इंच उंच केली होती, त्यात तळखडा गाडला गेला आणि सागाचा खांब थेट ओल्या भरावात उभा राहिला. सुताराने बुडाशी पेचकस टोचला तर तो इंचभर आत गेला, भाकरीत बोट जावं तसा. आई कितीतरी वेळ त्या खांबाला हात लावून उभी होती.

मागे वाढवलेल्या खोलीची गोष्ट आणखी वेगळी. जुनं गावठाण पांढरीवर, म्हणजे वस्तीच्या पांढऱ्या मातीवर असतं. वाढीव खोली शेताच्या काळीवर गेली की काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि जुन्या-नव्याच्या सांध्यावर तडा जातो. त्यात सांडपाणी पायाशी मुरत असेल तर विचारायलाच नको.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी सांगते: सिंक परसाकडच्या बाजूला घ्या, पाइप उघडा ठेवा, ओट्यामागे विटांची वेगळी भिंत उभारा, मातीला माती-चुन्याचाच लेप द्या, आणि तळखडा डोळ्यांना दिसू द्या. धाब्यावर नवी माती मृगाआधी पडलीच पाहिजे. कपाशीची वेचणी चालू असेपर्यंत मजूर मिळत नाहीत, आणि चैत्र लागला की अंगणभर बिबडे-पापड वाळत असतात. म्हणजे कामाला हातात उरतात ते वेचणी संपल्यापासून चैत्रापर्यंतचे दिवस. तेवढे दिवस ओसरीत एक शेगडी, एक माठ आणि मोजकी भांडी यांवर भागवायची तयारी आधीच करावी. आम्ही चाळीस दिवस खिचडी आणि कळण्याच्या भाकरीवर काढले. धूळ मिठाच्या डब्यापर्यंत पोहोचली होती.

परसातली चूल मात्र मोडू नका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आणि पुरणाचे मांडे उलट्या खापरावरच होतात. ते खापर गॅसच्या शेगडीवर मावत नाही, आणि त्याला सगळीकडून सारखी आचही लागत नाही. आमच्याकडे नवा ओटा झाला त्या वर्षीही मांडे बाहेरच झाले. आईने तळहातांवर फिरवत मांडा कोपरापर्यंत वाढवला, खापरावर टाकला आणि जाळ जरा मागे ओढला.