जुनी टूल्स काढली की कॉम्प्युटर पळतो?

जुनाट टूल्स उडवली की सिस्टिम हलकी होते, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. डिस्कवर नुसती पडून असलेली कमांड ना रॅम खाते, ना प्रोसेसर. लिनक्सवरचं इफकॉन्फिग घ्या, म्हणजे नेटवर्कची माहिती दाखवणारी जुनी कमांड. ते ज्या नेट-टूल्स पॅकेजमधून येतं, त्याचा आकार जेमतेम एक एमबी. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने 2017 च्या नवव्या आवृत्तीपासून ते आपणहून बसवणं थांबवलं, पण वेगासाठी नव्हे. त्याची देखभाल थंडावली होती आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नव्या सोयी ‘आयपी’ या तिच्या जागी आलेल्या कमांडला कळतात.

धोका असतो तो सतत ऐकत बसणाऱ्या सेवांचा. दुरून लॉगिन करू देणारा जुना टेलनेट सर्व्हर, विंडोजमधलं फाइल शेअरिंगचं जुनं एसएमबी 1 वगैरे. वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर 2017 मध्ये एसएमबी 1 मधल्याच त्रुटीतून पसरलं. असलं काही वापरात नसेल तर बिनधास्त काढा.

बाकीच्यांना हात लावण्याआधी मात्र दमाने घ्या. एखाद्या जुन्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये नेट-टूल्समधलीच नेटस्टॅट ही कमांड दडलेली असते आणि पॅकेज काढलं की ती स्क्रिप्ट गुपचूप बंद पडते. एप्टला, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेजेस बसवणाऱ्या-काढणाऱ्या टूलला, आधी प्रत्यक्ष काही न काढता नुसती रंगीत तालीम करायला लावा. सोबत कोणती पॅकेजेस जाणार ते दिसतं. तुमच्या स्वतःच्या स्क्रिप्ट त्या यादीत येत नाहीत, त्या ग्रेप, म्हणजे फाइलींमधला मजकूर शोधणारी कमांड, मारूनच शोधाव्या लागतात.